ओनोदेरा कोणत्या जागी खेळणार

"पाणी आलं तेव्हा तू नेमका कुठे होतास?" आमच्या क्लबच्या पब्लिसिटीचे प्रमुख हायासाका-सान यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

समोर बसलेल्या खेळाडूने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. सेंदाईत होतो. युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये. गावाकडचे रस्ते बंद होते, त्यामुळे घरी पोचायला वेळ लागला. आई-वडील शाळेच्या गच्चीवर चढले म्हणून वाचले. घर गेलं. वडिलांची खाडीत कालवांची शेती होती, ती गेली. हे सगळं तो पत्ता सांगावा तसं सांगत होता. हायासाका-साननी मान खाली घातली, डोळे मिटले, आणि मग पुढचा प्रश्न विचारला. तोही पाण्याबद्दलच होता.

मी टेबलाच्या टोकाला बसलो होतो. माझ्यापुढे लॅपटॉप होता आणि त्यात या खेळाडूच्या सामन्यांचे मी निवडून काढलेले व्हिडिओ होते. ते लावायला मला कोणी सांगितलं नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे क्लबचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, कुमागाई-साननी विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

"एकच," ओनोदेरा म्हणाला. "तुम्ही मला घेतलंत, तर कोणत्या जागी खेळवणार?"

जीएमनी हायासाका-सानकडे पाहिलं. हायासाका-साननी चहाच्या कपाकडे पाहिलं. बास्केटबॉलच्या क्लबमध्ये बास्केटबॉलचा एक प्रश्न विचारला गेला आणि खोलीतल्या दोन वरिष्ठांकडे त्याचं उत्तर नव्हतं. माझी कानशिलं तापली. ती पुढचे कित्येक दिवस तापलेलीच राहिली.

मी कोण, हे सांगायला हवं. मी माने. गाव बार्शी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. संख्याशास्त्रात पुण्यात एम.एस्सी. केलं, सेंदाईत पीएच.डी. केली. प्रोफेसरांच्या ओळखीने तिथल्याच, म्हणजे ईशान्य जपानच्या तोहोकू भागातल्या, एका प्रोफेशनल बास्केटबॉल क्लबमध्ये अ‍ॅनालिस्ट म्हणून लागलो. ती लीग आता नाही, दुसऱ्या लीगमध्ये विरून गेली. मी कधी बास्केटबॉल खेळलेलो नाही. बार्शीच्या शाळेत बास्केटबॉलचा खांब होता, त्यावर आम्ही दप्तरं अडकवायचो. पण मोजणं मला येतं, आणि काय मोजायचं नाही हेही कळतं.

ड्राफ्ट हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. क्रिकेटच्या लिलावात बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. सगळे क्लब एका हॉलमध्ये जमतात आणि आपापली पाळी आली की एका नव्या खेळाडूचं नाव पुकारतात. सगळ्यांची एकेक पाळी झाली की पहिली फेरी संपली. मग दुसरी.

पहिल्या फेरीसाठी माझ्यासारख्या माणसाची गरज नसते. ते खेळाडू कोण हे स्टेडियमबाहेर पार्किंग सांभाळणाऱ्यालाही ठाऊक असतं. दुसऱ्या फेरीत उरतात ते सगळे 'पण'वाले. उंच आहे, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शूटिंग सुंदर आहे, पण डिफेन्सला पाय हलवत नाही. सगळं येतं, पण कोचशी भांडतो. त्या 'पण'चं वजन करणं हे माझं काम. काही 'पण' दगडाएवढे जड असतात. काही नुसतेच लोकांनी एकमेकांचं ऐकून धरून ठेवलेले असतात.

ओनोदेराचा 'पण' असा होता. युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षी भूकंप झाला, त्सुनामी आली, तेव्हा तो टीम सोडून गावी गेला आणि चिखल उपसत राहिला. तो सबंध सीझन खेळला नाही. चौथ्या वर्षी परत आला. जपानमध्ये कॉलेजचा क्लब म्हणजे आपल्यासारखं नव्हे, की कंटाळा आला आणि जाणं बंद केलं. इथे क्लब सोडणं हा डाग असतो. याला तायबु म्हणतात. ज्याने एकदा सोडला तो पुन्हा सोडेल, असं सरळ गृहीत धरतात. घर वाहून गेलं म्हणून सोडला तरी कागदावर शब्द तोच. इतर क्लबांच्या स्काउटनी त्याच्या नावापुढे तेवढंच लिहिलेलं होतं आणि पान उलटलं होतं.

मी पान उलटलं नाही.

बास्केटबॉलमध्ये शॉट हुकला की चेंडू रिंगवर आपटून परत येतो. तो पकडणं म्हणजे रिबाउंड. ज्याने पकडला त्याच्या नावावर लागतो, पेपरात छापून येतो. पण त्याला तो आरामात पकडता यावा म्हणून त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी समोरच्या धिप्पाड माणसाला पाठीने रेटून रिंगपासून लांब धरलेलं असतं. याला बॉक्स-आउट म्हणतात. स्कोअरशीटवर त्याला रकाना नाही. त्या रेटणाऱ्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. झालेच तर फाउल होतात.

ओनोदेराच्या टीमचे आकडे बघताना मला एक गंमत दिसली. तो कोर्टवर असला की त्याच्या टीमचे रिबाउंड वाढायचे, पण त्याचे स्वतःचे वाढायचे नाहीत. तो बाहेर बसला की टीमचे गळायचे. मी व्हिडिओ काढले आणि हाताने मोजायला बसलो. शॉट हवेत असताना बाकी सगळे चेंडूकडे बघायचे. हा एकटा माणूस शोधायचा.

आता शंका घ्यायची ती मीच घेतली. परत आल्यानंतरचा सीझन एकच होता, म्हणजे नमुना लहान. युनिव्हर्सिटीची लीग दुबळी. समोर उंच माणसं होती कुठे? म्हणून त्याच्या टीमने कंपन्यांच्या टीमशी खेळलेले सरावाचे सामने मिळवले. तिथे वयाने, वजनाने मोठी माणसं होती. तिथेही तेच. आमच्या क्लबचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा सगळ्यात उंच खेळाडू, अमेरिकन होता, दोन मीटरच्या वर. त्याला रिबाउंड घ्यायला मोकळं सोडायचं, तर प्रतिस्पर्ध्याचा दुसरा परदेशी खेळाडू कोणीतरी अडवायला हवा. परदेशी किती उतरवायचे यावर बंधन होतं आणि आमचा दुसरा परदेशी लांबून शूटिंग करणारा होता, त्यामुळे ते काम जपानी खेळाडूच करणार. असा खेळाडू आमच्याकडे नव्हता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: दुसऱ्या फेरीत घ्यावा, पॉवर फॉरवर्ड, म्हणजे चार नंबरची जागा, पहिल्या सीझनपासून उपयोगी.

जीएमनी दोन दिवसांत होकार दिला. मी खूश झालो. रिपोर्ट वाचून होकार दिला असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त गावाचं नाव वाचलं होतं.

इंटरव्ह्यू संपल्यावर ओनोदेराला सबवेपर्यंत सोडायला मी गेलो. रस्त्यात तो सायकलींना वाट देत मागे-मागे चालत होता. स्टेशनच्या जिन्याशी थांबला.

"माने-सान, तुम्ही त्यांच्यात सगळ्यात कमी बोललात म्हणून तुम्हाला विचारतो," तो म्हणाला. "मला पोस्टरसाठी घेतायत ना?"

मी म्हणालो, मी तुला बॉक्स-आउटसाठी सुचवलंय.

तो हसला. पहिल्यांदाच. "कोणी मोजतं ते?"

मी मोजलंय म्हणालो. मग तो जरा मोकळा झाला. सध्या तो गावच्या टाउन ऑफिसात हंगामी कामावर होता. तात्पुरत्या घरांची कामं, लोकांच्या तक्रारी. ऑफिस त्याला आता कायम करणार होतं, पण उत्तर ड्राफ्टच्या आधी हवं होतं. ड्राफ्टमध्ये नाव ठेवायचं तर ती नोकरी सोडायची. नोकरी घ्यायची तर ड्राफ्टमधून नाव काढायचं. अशी कायम नोकरी त्या किनाऱ्यावर परत कधी निघेल याचा भरवसा नव्हता.

"खेळायला मिळणार असेल तर सोडतो," तो म्हणाला. "उभं राहून हात हलवायला नाही सोडणार. आईला काय सांगू?"

मग जाता जाता म्हणाला की टीम सोडायच्या आधी तो बॉक्स-आउटमध्ये वाईट होता. गावी महिनोन्‌महिने फावड्याने ओला चिखल उचलला. कंबर खाली ठेवली नाही तर पाठ जाते. परत आल्यावर कंबर आपोआप खाली राहायला लागली.

ही गोष्ट मी रिपोर्टमध्ये घातली नाही. कुणालाही सांगितली नाही. हायासाका-सानच्या हाती लागली असती, तर दुसऱ्या दिवशी फावड्यासकट फोटो निघाला असता. आज लिहितोय, कारण आता त्याचं कोणी पोस्टर करणार नाही.

ड्राफ्टच्या मीटिंगमध्ये हायासाका-साननी पोस्टरचं रेखाचित्र आणलं. फुटलेली सागरी भिंत, मागे समुद्र, पुढे हातात चेंडू घेतलेला ओनोदेरा, वर मोठ्या अक्षरांत 'उभारी'. मीटिंगला आठ-दहा माणसं होती. हेड कोच सातो-सान हाताची घडी घालून बसले होते. त्यांना हा खेळाडू नको होता हे मला माहीत होतं. पब्लिसिटीचा माणूस टीममध्ये घातला की एक जागा वाया जाते, असं ते मागे एकदा जेवताना म्हणाले होते. माझा रिपोर्ट त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. त्यांच्या लेखी तो पब्लिसिटीचाच कागद होता.

म्हणजे पेच असा. जीएम त्याला घेणार होते, पण पोस्टरसाठी. पोस्टरसाठी आला की कोच त्याला बाकावर बसवणार. एका सीझननंतर पोस्टर जुनं होणार, आणि ओनोदेरा घरी, टाउन ऑफिसची नोकरीही गेलेली. मी पोस्टरला विरोध केला, तर जीएमकडे त्याला घ्यायचं कारणच उरत नव्हतं. गप्प बसलो तर तो निवडला जाणार होता. गप्प बसणं सोपं होतं.

तो कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला. मला बारावीचं वर्ष आठवलं.

बारावीला गणितात मी तालुक्यात पहिला आलो. गावातल्या एका मंडळाने सत्कार ठेवला. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी आहे. आप्पा त्या दिवशी गिरणी बंद ठेवून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मंडळाच्या कार्यकर्त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, गिरणीतले कपडे नाहीत का, फोटो चांगला आला असता. मग तो आम्हाला दोघांना गिरणीत घेऊन गेला, आणि जात्याखालचं पीठ मुठीने उचलून आप्पांच्या केसांवर आणि खांद्यांवर टाकलं. आप्पा उभे राहिले. मी शेजारी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला.

त्या कार्यकर्त्याला तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आता आलं.

"याला कोणत्या जागी खेळवणार ते आधी ठरवा," मी म्हणालो. "त्याने तुम्हाला विचारलं होतं. उत्तर नसेल तर घेऊ नका. त्याची नोकरी जातेय. भिंतीसमोर उभं करायला मॉडेल मिळतात."

माझा आवाज चढला होता. जपानी भाषेत माझे आदरार्थी शब्द शांत डोक्यानेही धड लागत नाहीत, रागात तर सगळेच गळून पडतात. इथे मीटिंगमध्ये वाद घालत नाहीत. ज्याला जे बोलायचं ते आधी एकेकाला गाठून, चहा पिता पिता बोलून घेतात, आणि मीटिंगमध्ये फक्त माना हलवतात. चार वर्षं सेंदाईत राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. एवढ्या माणसांदेखत मी जीएमच्या निर्णयाला नावं ठेवली होती. आजही मी ती चूक मानत नाही. पण परिणाम लिहायला हवा.

कुमागाई-सान म्हणाले, "माने-सानचं मत ऐकलं. विचार करू."

इथल्या ऑफिसात 'विचार करू' म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावरून ओनोदेराचं नाव पुसलेलं होतं. त्या जागी एका गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूचं, नाव होतं, ज्याच्याबद्दल मी 'नको' असं लिहिलं होतं.

कॉरिडॉरमध्ये हायासाका-सान भेटले. मला वाटलं आता हे चिडलेले असतील. चिडलेले नव्हते.

"माने-सान, माझ्या आईचं घरही त्याच किनाऱ्यावर होतं," ते म्हणाले. "टीव्हीवाले आता येत नाहीत. लोक विसरायला लागलेत. म्हणून मला ते पोस्टर हवं होतं. तुम्हाला वाटतं तसा मी नाही."

मी वाकून नमस्कार केला आणि पुढे गेलो. माणूस वाईट नव्हता हे मान्य. राग मात्र कमी झाला नाही, उलट आता तो टाकायला जागाही उरली नाही. त्यांना गावाची आठवण ठेवायची होती तर ती त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. एका खेळाडूचं आयुष्य त्यासाठी का वापरायचं?

घरी वैशालीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती तेव्हा स्टेशनजवळच्या बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात अरुबाईतो करायची, म्हणजे तासांवरचं काम, आणि माझ्यापेक्षा बरी जपानी बोलायची.

"म्हणजे त्याची निवड होत होती ती तू ओरडून घालवलीस," ती म्हणाली.

"वाईट कारणासाठी होत होती."

"बरं. आता चांगल्या कारणासाठी होत नाहीये. बॅगा भरायला घेऊ का?"

मी जेवलो नाही. आप्पांना फोन लावला. त्यांना बास्केटबॉल कळत नाही, पण गोष्ट नीट ऐकून घेतात. मी सत्काराच्या फोटोचा विषय काढला. म्हटलं, तुमच्या अंगावर पीठ टाकलं त्या माणसाचा मला अजून राग येतो.

"पिठाचं काय घेऊन बसलास," आप्पा म्हणाले. "जन्म पिठात गेला. फोटो तर मी गिरणीत लावलाय."

"मग तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. त्यांनी खाली लिवलं, गिरणीवाल्याच्या पोराची भरारी. गणितात पयला आला हे कुठं लिवलंच न्हाई. गिऱ्हाईक फोटो बघून विचारायचं, पोरगं कशात पास झालं? मीच सांगत बसायचो. त्याचा राग आला."

इतकी वर्षं मी चुकीच्या गोष्टीवर चिडत होतो असं म्हणणार नाही. पिठाचा राग मला होता आणि आहे. पण आप्पांचा राग जास्त कामाचा होता.

त्यानंतर जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात सातो-सान माझ्या टेबलाशी आले. हेड कोच अ‍ॅनालिस्टच्या टेबलाशी येत नाहीत, बोलावून घेतात. ते उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही त्या खेळाडूसाठी ओरडलात."

"हो."

"पोस्टरच्या बाजूने नाही. विरुद्ध."

"हो."

"मग तो करतो काय?"

एवढंच. माझा रिपोर्ट त्यांनी न वाचता टाकला होता, कारण तो पब्लिसिटीचा माल आहे अशी त्यांची समजूत होती. मी पब्लिसिटीशी भांडलो, तेव्हा ती समजूत गेली. शांतपणे एकेकाला गाठून बोललो असतो, तर ती कदाचित गेलीच नसती. हे मी वैशालीला मुद्दाम सांगितलं.

मी व्हिडिओ लावले. सातो-सान आधी सगळ्यांसारखे चेंडूकडे बघत होते. मी म्हणालो, चेंडूकडे बघू नका, तो बारीक केसांचा ओनोदेरा बघा. मग ते खुर्ची ओढून बसले. एका शॉटला ओनोदेराने स्वतःपेक्षा वीतभर उंच माणसाला पाठीने ढकलत ढकलत कोर्टच्या रेषेबाहेर नेलं. रिबाउंड दुसऱ्याने घेतला. टाळ्या त्याला मिळाल्या. सातो-साननी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

"तायबुचं काय?" त्यांनी विचारलं. "टीम सोडली होती."

"घर वाहून गेलं होतं. आणि सोडून परत आला. परत आल्यावर त्याला पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर जिम पुसायला लावायचे, कारण त्याची ज्येष्ठता गेली होती. तरी आला. सोडणारा असता तर तेव्हा सोडून गेला असता."

सातो-साननी मान हलवली. त्यांनी पुढे काय केलं ते मी पाहिलं नाही. एवढंच कळलं की त्या आठवड्यात ते आणि जीएम दोघंच सोबा नूडल्स खायला गेले होते. सोमवारी बोर्डावर ओनोदेराचं नाव परत आलं होतं. पुसलेलं परत लिहायला जीएमना कमीपणा वाटला नसावा, कारण आता ती कोचची विनंती होती, माझा आरडाओरडा नव्हता. या पद्धतीचा मला राग येतो, पण ती चालते.

टाउन ऑफिसला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. ड्राफ्टच्या आधी खेळाडूला वचन द्यायला नियमाने बंदी होती. सातो-साननी माझ्यासमोर त्याला फोन केला आणि वचन दिलं नाही. फक्त म्हणाले, "तू विचारलं होतंस म्हणून सांगतो. आमच्याकडे रिकामी जागा चार नंबरची आहे. समोर येणारे तुझ्यापेक्षा उंच असतील आणि रोज मार खावा लागेल." पलीकडून ओनोदेरा नुसतं "हो" म्हणाला. त्याच दिवशी त्याने ऑफिसला नकार कळवला. आम्ही त्याला घेणार हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत आमच्या आधी पाळी असणाऱ्या क्लबांनी कोणाला घ्यावं हे आमच्या हातात नव्हतं, आणि जीएमच्या मनात ऐन वेळी काय येईल हेही नाही.

ड्राफ्ट तोक्योत होता. त्या लीगमध्ये पद्धत अशी होती की नाव पुकारताना क्लबने एका ओळीचं कारण द्यायचं आणि निवेदकाने ते माइकवर वाचायचं. आदल्या दिवशी कुमागाई-सान माझ्याजवळ आले. मीटिंगनंतर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नव्हते.

"दुसऱ्या फेरीचं कारण तुम्ही लिहून द्या," ते म्हणाले. "हायासाका-सानचं वाक्य लांब झालंय."

लांब झालंय म्हणे. मी लिहून दिलं.

दुसऱ्या फेरीत आमच्या आधीच्या क्लबाने तो गार्ड उचलला, ज्याला मी 'नको' म्हटलं होतं. आमची पाळी आली. जीएमनी नाव दिलं. निवेदक ओळ वाचताना क्षणभर अडखळला, कारण असं कोणी लिहीत नाही. "बॉक्स-आउट चांगला करतो. चार नंबरच्या जागेवर पहिल्या सामन्यापासून खेळेल." हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. मागे बसलेला ओनोदेरा उठला आणि वाकला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला.

हॉलबाहेर आल्यावर वार्ताहरांनी त्याला गाठलं. पहिला प्रश्न होता, पाणी आलं तेव्हा तू कुठे होतास. दुसराही तोच. मी तिथून निघून गेलो. तिथे थांबलो असतो तर पुन्हा ओरडलो असतो.

तो पहिल्या सामन्यापासून खेळला. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात आमचा अमेरिकन सेंटर लीगमध्ये रिबाउंडला पहिल्या दोघांत आला, आणि त्या महिन्याचं बक्षीस घेताना त्याने माइकवर ओनोदेराचं नाव चुकीच्या उच्चारात दोनदा घेतलं. ओनोदेरा पुढची कित्येक वर्षं चार नंबरच्या जागेवर मार खात राहिला. नवी लीग आली तेव्हाही होता.

मी नव्हतो. त्या सीझननंतर माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण दिलं नाही. कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. वैशालीने बॅगा भरल्या, एकदाही 'मी म्हटलं होतं' न म्हणता, आणि हे तिने मुद्दाम केलं हे मला कळलं. आता तोक्योत, हिगाशी-कसाईत राहतो. तोयोसुच्या एका टॉवरमध्ये विमा कंपनीचे आकडे बघतो. तिथेही दुसऱ्या फेरीची माणसं असतातच, फक्त त्यांना अर्जदार म्हणतात.

नवीन अ‍ॅनालिस्ट विचारतात तेव्हा एकच सांगतो. 'पण' दिसला की आधी तो कोणाचा आहे ते बघा. गुडघ्याचा असला तर खेळाडूचा. बाकी बहुतेक वेळा तो निवडणाऱ्यांचा असतो, आणि त्याचं वजन खेळाडूच्या डोक्यावर ठेवलेलं असतं.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सेंदाईच्या पेपरात पहिल्या पानावर ओनोदेराचा फोटो होता, आणि मथळ्यात अपेक्षेप्रमाणे समुद्र होता. मी आप्पांना फोन केला आणि चिडून मथळा वाचून दाखवला.

"ते जाऊ दे," आप्पा म्हणाले. "कशात पास झालाय ते छापलं का?"

मी पान उलटून पाहिलं. आत, खेळाच्या पानावर, निकालांच्या खाली दोन ओळी होत्या, माइकवर वाचलेल्या, जशाच्या तशा.

"छापलंय," मी म्हणालो. "बारीक अक्षरात."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले, आणि गिरणीवर गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.